चौदा नंबरची काच

शाळा सुटल्यावर गुट्टे बाई दुकानात आल्या,
पर्समधून घडीचा कागद काढून म्हणाल्या,
सूर्यवंशी, पोरांना ग्रहण दाखवायचंय,
काचा मिळतील का हो, चाळीस तरी?

मी ट्रॉलीचं मागचं फाळकं जोडत होतो.
होल्डर ठेवला, शिल्ड खाली घेतली.
कितीची? म्हणलं.
कागदात बघून म्हणाल्या, चौदा.

माझ्याकडं अकरा. अकरावर
निलंगा रोडची निम्मी गेटं जोडलीत मी.
पण सूर्याला अकरा पुरत नाही, बाई.
अकरातून तो दिसतो, हिरवा, छान दिसतो,
तिथंच गोम आहे.

डोळ्याचं मला विचारा.
नवा होतो तेव्हा उस्तादाची पाठ फिरली
की उघड्या डोळ्यांनी आर्क बघायचो, गंमत म्हणून.
तेव्हा काही व्हायचं नाही. जेवलो, झोपलो.
रात्री दोनला पापणीखाली वाळूचा ट्रक रिता झाला.
आईनं बटाट्याच्या चकत्या ठेवल्या,
सकाळपर्यंत मी खाटेचा माचवा धरून होतो.
आर्क निदान बोंबलून सांगतो.
सूर्य आत भाजतो ते दुखत नाही,
बाईंच्या कागदावर तसं छापलं होतं.
मला त्या दोन शब्दांचीच भीती वाटली.

तौफिक म्हणाला, घरी अम्मीच्या छातीचा एक्स-रे आहे,
त्यातून बघू.
त्याला म्हणलं, बरगड्यांच्या फटीतून येईल
आणि तुझ्या डोळ्यात बसेल कायमचा.

लातूरहून चौदाच्या सहाच आल्या.
एकीवर चरा होता, ती बाजूला टाकली.
पाच काचा, चाळीस पोरं.
मग भंगारातला पत्रा काढला,
बारीक ड्रिल लावून चाळीस भोकं पाडली.
ह्यातून बघायचं नाही,
सूर्याकडं पाठ करायची, पत्रा उन्हात धरायचा
आणि फरशीवर काय पडतंय ते बघायचं.
मान वर करायची नाही.

हे बाईंना बोलून दाखवताना
मी मधेच थांबलो.

ग्रहणात बा गावभर फिरायचा.
दे दान, सुटं गिऱ्हान.
दार बोटभर उघडायचं, त्यातून हात यायचा,
ज्वारी, जुनेर, एकदा चेमटलेला तांब्या.
गाव आत बसलेलं, मुसळ परातीत उभं,
अख्ख्या शिवारात बाहेर एकटा बा,
डोक्यावर अर्धा खाल्लेला सूर्य
आणि ह्याची नजर झोळीच्या तोंडावर.
लहानपणी मी विचारलं होतं,
कसा दिसतो रं तो?
कोण? म्हणाला.

आज दुपारी पत्रा उन्हात धरून बघितला.
बा बाजेवरून उठून आला, वाकला.
भोकं वाकडी पडली की रं.
उजेड गोल कसा?
तोच हाय तो, म्हणलं.
कोण?

मी त्याच्या हातात काच दिली.
आधी दुकानातच डोळ्याला लावली त्यानं.
काहीच दिसंना. फसवलं तुला लातूरवाल्यानं.
म्हणलं, दिसायचंच नाही. बाहेर चल.
काच आधी डोळ्यावर, मग मान वर.
आणि खाली आणताना
मान आधी, काच नंतर.

त्याला वेळ लागला.
मानेत कुठंतरी वाळलेल्या दोरीसारखं कुरकुरलं,
मुंडासं मागं घसरलं, मी झेललं.
रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला, गाणं लावून,
तो गेल्यावरही बा तसाच.

येवढासाच?
म्हणाला.

मान खाली आणली, मग काच,
सांगितलं तसं. बाजेवर जाऊन बसला.
मी कानस घेऊन काचेच्या कडा पुन्हा घासल्या.
पोरांच्या नाकाला लागायला नको,
एक कोपरा अजून बोटाला टोचत होता.